किल्ली मागण्याआधी शेजारी बसा

पत्र:

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. पन्नासहून जास्त वर्षं गाडी चालवत आहेत. आजवर एकही अपघात नाही असं ते सगळ्यांना सांगतात, आणि ते खरं आहे. मागच्या महिन्यात मी त्यांच्या शेजारी बसले होते. चौकात समोरून येणारी वाहनं जाऊ देऊन पलीकडच्या रस्त्यात वळायचं होतं. गाड्यांची रांग संपली, बाबांनी गाडी आत घेतली, आणि नेमकी त्या रस्त्याच्या तोंडाशी सायकलवरून एक मुलगी आडवी आली. मी ओरडले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. तिच्या चाकात आणि आमच्या बंपरमध्ये हातभर अंतर उरलं असेल. ती एक पाय टेकवून नुसती बघत राहिली. बाबा म्हणाले, “ही कुठून आली?” घरी आल्यावर त्यांनी हा विषयच काढू दिला नाही.

भाऊ दूर राहतो. तो फोनवर म्हणतो, किल्ल्या काढून घे, उद्या कुणाचा जीव गेला तर काय? आई म्हणते, गाडी गेली तर ते खचतील. शिवाय तिचे गुडघे धरलेत, तिला सगळीकडे तेच नेतात. मला दोघांचंही पटतं. रात्री डोळे मिटले की ती मुलगी दिसते. काय करू?

उत्तर:

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ‘ही कुठून आली?’ बाबा सारवासारव करतायत असं तुम्हाला त्या वेळी वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. त्यांना ती खरोखरच दिसली नव्हती. का दिसली नाही हे एकदा कळलं, की किल्ल्यांचा प्रश्न थोडा वेगळा दिसायला लागतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

डोळ्यांची तपासणी म्हटलं की आपल्याला भिंतीवरची अक्षरं आठवतात. एका जागी बसायचं, एकाच ठिकाणी बघायचं, हवा तेवढा वेळ घ्यायचा. चौकात यातलं काहीच नसतं. समोरच्या गाडीचा वेग जोखायचा, दोन गाड्यांमधली फट मोजायची आणि त्याच क्षणी नजरेच्या कडेला हलणारं काहीतरी टिपायचं. डोकं न हलवता, एका नजरेत माणूस किती पसारा टिपू शकतो याला संशोधक ‘उपयुक्त दृष्टिक्षेत्र’ म्हणतात. वय वाढतं तसं ते अनेकांचं आक्रसत जातं. अवघड गोष्ट अशी की आक्रसलंय हे ज्याचं त्याला कळत नाही, कारण जे दिसलंच नाही ते राहून गेलं हे कळणार कसं? अमेरिकेत बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठात सिंथिया आऊस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ ते ८७ वयाच्या २९४ चालकांचा तीन वर्षं माग ठेवला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांचं हे क्षेत्र ४० टक्के किंवा त्याहून जास्त घटलं होतं त्यांना अपघात होण्याची शक्यता इतरांच्या २.२ पट निघाली. भिंतीवरची अक्षरं खालच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूसही यात सापडू शकतो.

आता तुमचा चौक. चालक समोरून येणाऱ्या गाड्यांकडे बघत थांबलेला असतो. धडक बसण्याची भीती त्यांची, म्हणून नजर तिथेच खिळते. फट दिसली की पाय हलतो. पण गाडी जिथे जाणार आहे, त्या रस्त्याच्या तोंडाशी कोण आहे हे बघायचं राहून जातं. सायकल बारीक, पायी माणूस बारीक. पुढच्या काचेच्या कडेला जो खांब असतो त्याच्याआड दोघंही सहज मावतात, आणि सायकल ज्या वेगानं पुढे सरकते त्याच अंदाजानं आपली गाडीही वळत असेल, तर काही क्षण त्या खांबाआडच राहतात. यावर उपाय एकच, पुढे झुकायचं आणि मान वळवून खांबापलीकडे बघायचं. ७८ व्या वर्षी मान पूर्वीसारखी वळत नाही, पाठही चटकन पुढे येत नाही. त्यात संध्याकाळ असेल तर विचारूच नका. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, आणि तुमचे बाबा तर साठीच्याही बरेच पुढे आहेत.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या मॅथ्यू रोमोझर आणि डोनाल्ड फिशर यांनी याच जागी बोट ठेवलं. ज्येष्ठ चालक चौकात शिरण्याआधी बघतात, पण गाडी आत घेतल्यावर पुन्हा एकदा, ज्या बाजूनं कोणी येऊ शकतं तिकडे बघत नाहीत. तरुण अनुभवी चालक ते न सांगता करतात. मग त्यांनी ज्येष्ठांच्या एका गटाला त्यांच्याच गाडी चालवण्याचं चित्रीकरण दाखवलं, आणि कुठे नजर गेली नाही ते ज्याचं त्याला बघू दिलं. पुढे सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावर रस्ता दाखवून खोटीखोटी गाडी चालवायला देणाऱ्या यंत्रावर, सराव करून घेतला. दुसऱ्या गटाला तीच माहिती वर्गात बसवून सांगितली. वर्गातल्यांमध्ये फरक पडला नाही. स्वतःचं चित्रीकरण बघून सराव केलेल्यांची ‘दुसरी नजर’ मात्र जवळपास दुप्पट झाली. हे २००९ चं काम. दोन वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासलं तेव्हाही सवय बरीचशी टिकून होती. मान वळत होतीच, ती वळवायची सवय सुटली होती.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की किल्ल्या मागू नका, शेजारी बसा. पण आधी डॉक्टर आणि तपासण्या, त्याबद्दल खाली लिहिते. आणि त्या होईपर्यंत संध्याकाळनंतर गाडी नको, तो चौक नको. डॅशकॅम असेल तर उत्तम, नसेल तर फोन घट्ट बसवा. एक कॅमेरा रस्त्याकडे, एक बाबांच्या चेहऱ्याकडे. नेहमीच्या वाटेवर, नेहमीच्या वेळी, चारपाच चक्कर. गाडीत सूचना देऊ नका, धोका असेल तरच बोला. घरी आल्यावर दोघांनी मिळून बघा. कुठल्या वळणाला डोकं दुसऱ्यांदा हललं, कुठे नाही, हे त्यांचं त्यांना मोजू द्या. पन्नास वर्षं चालवणाऱ्या माणसाला मुलीनं ‘तुम्ही बघत नाही’ म्हटलेलं सहन होत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं मात्र नाकारता येत नाही. तुमच्या भागात ज्येष्ठ चालकांची प्रत्यक्ष रस्त्यावर चाचणी घेणारे प्रशिक्षक किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) असतील तर त्यांच्याकडे जरूर जा. परक्या माणसाचं म्हणणं कधीकधी घरच्यांपेक्षा लवकर पोचतं.

डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी नेमक्या विचारा. एक, मोतीबिंदू. आऊस्ली यांच्याच गटानं २००२ साली दाखवलं, की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ज्येष्ठ चालकांचं अपघातांचं प्रमाण शस्त्रक्रिया न केलेल्यांच्या जवळपास निम्मं होतं. काचबिंदूसाठी बाजूची नजरही तपासून घ्या. दुसरी, औषधं. झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या अंगात खूप वेळ राहतात. कॅनडातल्या क्विबेक प्रांतातल्या १९९७ च्या अभ्यासात अशा दीर्घकाळ टिकणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या सुरू केल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात ज्येष्ठ चालकांच्या अपघातांचा धोका ४५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नका, पण गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या आणि ‘हे घेऊन गाडी चालवली तर चालेल का’ असं सरळ विचारा.

रस्ता बदलणं हाही मोठा उपाय आहे आणि तो आजपासून करता येतो. समोरून येणाऱ्या वाहनांना छेदून घ्यायचं वळण टाळा. जिथे वळणासाठी वेगळा सिग्नल आहे तो चौक निवडा, किंवा सोप्या बाजूनं तीन वळणं घेऊन त्याच रस्त्याला लागा. पाच मिनिटं जास्त लागली तर लागू देत. एक गैरसमजही दूर करते. ‘आता ते फक्त जवळपासच चालवतात, म्हणजे धोका कमी’ असं घरोघरी म्हटलं जातं. नेदरलँड्समधल्या सुमारे ४७ हजार चालकांची माहिती वापरून २००६ साली झालेल्या अभ्यासात ७५ च्या पुढच्या चालकांमध्ये धोका वाढलेला दिसला तो वर्षाला ३,००० किलोमीटरपेक्षा कमी चालवणाऱ्यांमध्येच. कमी चालवणाऱ्यांमध्ये आधीच प्रकृती खालावलेले जास्त असतात, हे एक. शिवाय जवळपासचं चालवणं म्हणजे सगळे चौक, सगळी वळणं, सगळे पायी लोक. मोठ्या रस्त्यावर किलोमीटर सहज सरतात, गल्लीत दर शंभर पावलांवर कोणीतरी आडवं येतं.

काही गोष्टी मात्र अशा आहेत की त्या दिसल्या तर चित्रीकरण वगैरे काही नको, त्याच दिवशी गाडी थांबवायची. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जाणं. ओळखीच्या वाटेवर हरवणं. तांबडा सिग्नल दिसूनही पुढे जाणं. गाडी चालवताना झोप किंवा भोवळ. स्मृतिभ्रंशाचं निदान झालेलं असेल तर निर्णय डॉक्टरांच्या हातात द्या, घरातल्या भांडणात नको. आणि सराव करूनही दुसरी नजर येत नसेल, ती मुलगी पुन्हा एकदा, दुसऱ्या कुणाच्या रूपात, बंपरसमोर आली, तर थांबायची वेळ झालेली आहे. तिथे मी तुमच्या भावाच्या बाजूनं आहे, पूर्णपणे. बाबांच्या हिशेबात तो प्रसंग अपघात नाही. तिच्या हिशेबात आहे.

तरीही भावाला जे दिसत नाहीये ते सांगायला हवं, आणि मला या पत्राचं उत्तर लिहावंसं वाटलं ते मुख्यतः यासाठी.

भावाच्या डोक्यातलं गणित सोपं आहे. गाडी काढली की धोका गेला. पण गाडीतून उतरलेला माणूस रस्त्यावरून नाहीसा होत नाही. तो पायी चालायला लागतो. माझ्या मामांची गाडी त्यांच्या मुलांनी एका आठवड्यात विकून टाकली, काळजीपोटीच. त्यानंतर मी त्यांच्याबरोबर एकदा औषधं आणायला गेले. उभ्या केलेल्या दोन गाड्यांच्या मधून ते रस्त्यात उतरले, अर्ध्यावर थांबले, आणि येणाऱ्या वाहनाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, “जाऊ का गं?” तीस वर्षं त्यांनी तो रस्ता काचेआडून पाहिला होता. पायी ओलांडायचा कसा, कुठे, किती वेळात, याचा त्यांना काही अंदाजच नव्हता. मी त्यांचा हात धरला तेव्हा तो थरथरत होता.

हे एकट्या मामांचं नाही. फिनलंडमध्ये ७० नंतर लायसन्ससाठी वैद्यकीय तपासणी सक्तीची होती, शेजारच्या स्वीडनमध्ये तशी सक्ती नव्हती. लीसा हाकामिएस-ब्लोमक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दोन्ही देशांची तुलना केली. ज्येष्ठ चालकांच्या अपघातांत तपासणीमुळे काही फरक पडलेला दिसला नाही. पण पायी आणि इतर उघड्यावर वावरणाऱ्या ज्येष्ठांचे मृत्यू फिनलंडमध्ये जास्त होते. डेन्मार्कनं २००६ साली ज्येष्ठ चालकांसाठी आकलनाची चाचणी आणली. २०१२ च्या अभ्यासात तिथेही तेच निघालं. चालकांचे जीवघेणे अपघात घटले नाहीत, आणि गाडीबाहेरच्या ज्येष्ठांचे मृत्यू वाढले. जपाननं २०१७ साली ७५ च्या पुढच्यांची चाचणी कडक केली, तेव्हा चालकांचे अपघात कमी झाले खरे, पण पायी आणि सायकलवर जखमी होणारे ज्येष्ठ वाढले.

कारण अगदी शरीरातच आहे. अमेरिकेतल्या एका संशोधनानं २००३ साली हिशेब मांडला, की ज्येष्ठ चालकांचे प्रत्येक मैलामागे जे जास्तीचे मृत्यू होतात त्यातला ६० ते ९५ टक्के वाटा शरीर नाजूक झाल्याचा आहे, जास्त धडका होण्याचा वाटा त्या मानानं लहान. गाडीत निदान भोवती पत्रा असतो, सीटबेल्ट असतो. बाहेर काय आहे? ताशी ४० किलोमीटरच्या वेगानं येणाऱ्या गाडीची धडक ७० वर्षांच्या पादचाऱ्याला जेवढी घातक, तेवढी घातक व्हायला ३० वर्षांच्या माणसासाठी वेग ५६ च्या आसपास लागतो. आणि सिग्नल? अनेक ठिकाणी पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालेल असं धरून हिरव्या माणसाचा वेळ ठरवलेला असतो. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्यांचा सरासरी वेग मोजला तेव्हा पुरुषांचा ०.९ आणि स्त्रियांचा ०.८ मीटर निघाला. तुमच्या आईच्या गुडघ्यांसह तो किती असेल, तुम्हीच बघा.

म्हणून बाबांनी गाडी सोडायचीच असेल, आज किंवा दोन वर्षांनी, तर पायी चालायची तयारी आधी व्हायला हवी, किल्ली अजून त्यांच्या खिशात असताना. आठवड्यातून दोन दिवस गाडी घरी ठेवून त्यांच्याबरोबर निघा. दवाखाना, बँक, मित्राचं घर, जिथे जिथे ते जातात तिथे पायी किंवा बसनं. घड्याळ लावून बघा, हिरवा दिवा लागल्यापासून ते पलीकडे पोचेपर्यंत किती सेकंद लागतात. वेळ पुरत नसेल तर तो चौक सोडा, मध्ये थांबायला दुभाजक असलेला शोधा. सिग्नलची वेळ वाढवून द्या असं संबंधितांना लेखी कळवाच. अशा अर्जामागे मोजलेले सेकंद असले की तो वजनदार होतो. हिरवा लागलेला असताना मध्येच पोचलात तर त्यावर न जाता पुढच्या हिरव्याची वाट बघायची, ही सवय लावा. संध्याकाळी फिकट रंगाचे कपडे, अंगावर चमकणारी पट्टी. बाबा म्हणतील ‘हे काय पोराटोरांसारखं’, तरी लावा. आणि सायकलचा विचार त्यांच्या मनात असेल तर फार जपून. त्या वयात सायकलवरून पडायला दुसरं वाहन लागत नाही, चढता-उतरताना तोल गेला तरी पुरतं.

आईचं म्हणणंही मनावर घ्या. गाडी सोडलेल्या ज्येष्ठांबद्दलच्या आजवरच्या अभ्यासांचा २०१६ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात नैराश्याची लक्षणं दिसण्याची शक्यता जवळपास दुप्पट आढळली. ‘खचतील’ हा शब्द आईनं उगाच वापरलेला नाही. तिचं स्वतःचं येणं-जाणंही त्याच किल्लीवर आहे, आणि ते ती बोलून दाखवत नाहीये. तिला वेगळं बसवून विचारा, की गाडी नसेल तर तिचं काय काय अडेल. मग ती यादी भावाकडे पाठवा. दर महिन्याच्या भाड्याच्या गाडीचे पैसे तो देणार का, दवाखान्याच्या दिवशी कोण येणार, हे त्यानं आधी सांगावं. काळजी फोनवरून करता येते, ने-आण करता येत नाही.

बाबांशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथेच अडलंय. वयाचा विषय काढू नका. ‘तुमचं वय झालं’ म्हटलं की ते पन्नास वर्षांचा हिशेब तुमच्यापुढे ठेवतील, आणि तो हिशेब खरा आहे. गाडी चालू असताना बोलू नका, आई-भाऊ समोर असताना नको. दोघंच असाल तेव्हा त्या मुलीबद्दल बोला. तुमच्याबद्दल बोला. “बाबा, ती मुलगी मला रोज रात्री दिसते. तुम्हाला दिसते का?” एवढंच विचारा आणि थांबा. कदाचित ते उठून जातील. कदाचित दोन दिवसांनी स्वतःच म्हणतील, की त्या चौकात हल्ली त्यांनाही नीट कळत नाही. तसं म्हणाले तर लगेच कॅमेरा पुढे करू नका, त्यांचं बोलून होऊ द्या. आणि काहीच बोलले नाहीत, तरी पुढच्या वेळी ते गाडी काढतील तेव्हा तुम्ही चप्पल घाला आणि शेजारी जाऊन बसा.